द. रा. कापरेकर यांचे संख्यासंशोधन : रंजनापासून सिद्धांतापर्यंतच्या प्रवासाचा ऐतिहासिक अभ्यास

१. प्रस्तावना

महाराष्ट्रातील आधुनिक विज्ञानाचा इतिहास मुख्यतः संस्थांच्या आधारे लिहिला गेला आहे. मुंबई येथील टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ मध्ये स्थापन झाली, तर पुणे येथे १९८८ मध्ये आयुका ही संस्था उभी राहिली. गणित आणि मूलभूत भौतिकशास्त्र यांतील सैद्धांतिक संशोधनाचा आढावा घेताना दामोदर धर्मानंद कोसंबी, जयंत नारळीकर यांसारखी नावे या संस्थांच्या अनुषंगाने पुढे येतात व ते स्वाभाविकही आहे. सैद्धांतिक संशोधनास प्रयोगशाळा लागत नाही, असे म्हटले जाते. तथापि ग्रंथालय, समानधर्मी सहकारी, शोधपत्रिका आणि निर्वेध वेळ या गोष्टी त्यासही आवश्यक असतात व त्या प्रामुख्याने संस्थाच पुरवू शकतात.

या चौकटीत न बसणारे एक नाव म्हणजे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६). नाशिकजवळील देवळाली येथे शाळाशिक्षक म्हणून आयुष्य घालविलेल्या या गृहस्थांचे नाव आज जगभरच्या गणितविषयक वाङ्मयात 'कापरेकर स्थिरांक', 'कापरेकर संख्या' अशा संज्ञांच्या रूपाने वावरते. त्यांच्या हयातीत मात्र भारतातील अनेक गणितज्ञांनी त्यांच्या कार्याकडे संख्यांची करमणूक म्हणूनच पाहिले. मराठी वाचकवर्गात त्यांच्याविषयी कौतुकाने लिहिले गेले, पण त्या लेखनाचा भर ६१७४ या संख्येच्या 'चमत्कारा'वर राहिला. एका बाजूस उपेक्षा आणि दुसऱ्या बाजूस चमत्काराचे कौतुक, अशा स्थितीत त्यांच्या संशोधनाचे नेमके स्वरूप काय होते, हा प्रश्न बाजूला पडला. प्रस्तुत शोधनिबंधात या प्रश्नाचा ऐतिहासिक अंगाने विचार केला आहे.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
(अ) कापरेकर यांच्या जडणघडणीत ठाणे–डोंबिवली परिसराचे व महाविद्यालयीन शिक्षणाचे स्थान पाहणे.
(आ) त्यांच्या प्रमुख निरीक्षणांमागील गणिती रचना स्पष्ट करणे.
(इ) त्यांच्या प्रश्नांवर पुढील काळात झालेल्या सैद्धांतिक संशोधनाचा आढावा घेणे.
(ई) रंजक गणित व मूलभूत गणित यांमधील सीमारेषेचा ऐतिहासिक विचार करणे.

या अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. गणिताव्यतिरिक्त अन्य विषयांच्या अध्यापकांनाही विवेचन समजावे यासाठी शालेय अंकगणितापलीकडील संकल्पना शक्यतो टाळल्या आहेत.

३. जडणघडण : डहाणू, ठाणे आणि पुणे

कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. डहाणू त्या काळी ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ मध्ये पालघर जिल्ह्याची निर्मिती झाल्यानंतर ते त्या जिल्ह्यात समाविष्ट झाले. वयाच्या आठव्या वर्षी त्यांचे मातृछत्र हरपले. वडील कारकुनी करीत व त्यांना फलज्योतिषाची आवड होती. पत्रिका मांडण्यासाठी करावी लागणारी आकडेमोड घरात सतत चाले व त्यातून मुलास आकडेमोडीची गोडी लागली, असे त्यांच्या चरित्रविषयक लेखनात नमूद केलेले आढळते. फलज्योतिषाच्या खरेखोटेपणाशी येथे कर्तव्य नाही. मात्र अंक हाताळण्याचा सराव हीच या मुलाला लाभलेली पहिली गणिती साधनसामग्री होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

त्यांचे माध्यमिक शिक्षण ठाणे येथे झाले. गणिती कोडी सोडविण्याचा छंद या काळात दृढ झाला. १९२३ मध्ये त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात प्रवेश घेतला. या महाविद्यालयावर रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्या प्राचार्यपदाच्या दीर्घ कारकिर्दीचा ठसा होता. १९०७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय गणित परिषदेचे ग्रंथालयही त्या काळी याच महाविद्यालयात होते. १९२७ मध्ये कापरेकरांना विद्यार्थ्याच्या स्वतंत्र गणिती लेखनासाठी दिले जाणारे रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे बी. एस्सी. झाले. त्यापुढे त्यांचे औपचारिक शिक्षण झाले नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी देवळाली येथे शिक्षकाची नोकरी केली.

पारितोषिक मिळविणारा विद्यार्थी पदव्युत्तर शिक्षणाकडे न वळता शाळेत शिक्षक होतो, ही घटना त्या काळी असाधारण नव्हती. विद्यापीठांतील गणिताच्या जागा मोजक्या होत्या. संशोधनासाठी शिष्यवृत्ती मिळणे दुरापास्त होते. परिणामी ज्या वयात संशोधकास मार्गदर्शकाची सर्वाधिक आवश्यकता असते, त्या वयात कापरेकर एकटे पडले. त्यांच्या कार्याचे गुण आणि मर्यादा या दोहोंचे मूळ या एकटेपणात शोधावे लागते.

४. डोंबिवली आणि 'डेमलो' संख्या

कापरेकर यांच्या संशोधनाचा आरंभ ठाणे–कल्याण लोहमार्गाशी जोडलेला आहे. मुंबई ते ठाणे ही रेल्वे १८५३ मध्ये सुरू झाली व पुढील वर्षी ती कल्याणपर्यंत गेली. तत्कालीन जी. आय. पी. रेल्वेच्या या मार्गावर मुंबईपासून सुमारे तीस मैलांवर असलेल्या 'डेमलो' स्थानकावर, म्हणजे आजच्या डोंबिवली येथे, कापरेकरांना एका संख्याप्रकाराची कल्पना सुचली. त्या संख्यांना त्यांनी त्या स्थानकाचेच नाव दिले. रोज लाखो प्रवासी ज्या फलाटावरून जातात, त्याचे नाव अशा रीतीने गणिताच्या कोशात गेले आहे. डोंबिवलीकरांनाही बहुधा याची कल्पना नसते.

डेमलो संख्येचे तीन भाग असतात. मधल्या भागात एकच अंक एकदा किंवा अनेकदा येतो आणि डाव्या व उजव्या भागांची बेरीज केली असता त्याच अंकाची पुनरावृत्ती मिळते. उदाहरणार्थ, २५५३ या संख्येत डावीकडील २ व उजवीकडील ३ यांची बेरीज ५ होते व मध्ये ५५ आहेत. यांपैकी विशेष लक्षवेधी संख्या पुढीलप्रमाणे मिळतात.

११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

शेवटच्या संख्येत १२३ व ३२१ यांची बेरीज ४४४ होते आणि मध्ये ४ आहे. कारण साधे आहे. ११११ ला ११११ ने गुणताना कागदावर एकांच्या चार ओळी एकेक घर सरकवून मांडल्या जातात. स्तंभांमध्ये अनुक्रमे एक, दोन, तीन, चार, तीन, दोन, एक एवढे एक येतात. नऊ एकांपर्यंत कोणत्याही स्तंभाची बेरीज नऊच्या पुढे जात नाही, म्हणून हातचा येत नाही व आकृती शाबूत राहते. दहा एकांच्या संख्येचा वर्ग मात्र १२३४५६७९००९८७६५४३२१ असा येतो. येथे हातचा आल्यामुळे आरशातील प्रतिमेसारखी रचना मोडते.

या विषयावरील कापरेकरांचे टिपण १९३८ मध्ये 'द मॅथेमॅटिक्स स्टुडंट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. १९३९ मध्ये के. आर. गुंजीकर व कापरेकर यांनी संयुक्तपणे लिहिलेला डेमलो संख्यांच्या सिद्धांतावरील लेख मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात आला. या दुसऱ्या लेखाकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. सहकाऱ्याची साथ लाभली तेव्हा कापरेकरांचे निरीक्षण सिद्धांताच्या भाषेत मांडले गेले, असे हा लेख दर्शवितो. तथापि असे सहकार्य त्यांच्या आयुष्याचा स्थायीभाव होऊ शकले नाही. पुढील काळात त्यांनी अनेक पुस्तिका स्वतःच्या खर्चाने छापल्या.

५. ६१७४ : निरीक्षणामागील रचना

कापरेकरांचा सर्वाधिक गाजलेला शोध ६१७४ या संख्येचा आहे. १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी तो जाहीर केला आणि १९५३ मध्ये 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. सर्व अंक समान नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करावी. उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करावी. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या येते. उदाहरणार्थ, ३५२४ घेतल्यास :

५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४
७६४१ − १४६७ = ६१७४

हे का घडते? उतरत्या क्रमातील अंक क, ख, ग, घ मानल्यास वजाबाकीचे उत्तर नेहमी ९९९ × (क − घ) + ९० × (ख − ग) इतके येते. म्हणजे उत्तर चार अंकांवर अवलंबून नसून केवळ दोन फरकांवर अवलंबून असते. पहिला फरक १ ते ९ यांपैकी असतो आणि दुसरा फरक पहिल्यापेक्षा मोठा असू शकत नाही. अशा फरकांच्या जोड्या केवळ ५४ होतात. आरंभीचे शून्य धरून विचारात घ्यावयाच्या संख्या ९,९९० असल्या तरी पहिल्याच वजाबाकीनंतर त्यांतून फक्त ५४ उत्तरे उरतात. पुढे या ५४ संख्यांचा मार्ग तपासणे एवढेच काम राहते व ते कागदावर एका बैठकीत करता येते. ६१७४ मध्ये हे फरक ६ व २ आहेत. ९९९ × ६ = ५९९४ आणि ९० × २ = १८०; बेरीज ६१७४.

एकच नियम पुन्हा पुन्हा लावला असता एखादी व्यवस्था कोठे पोहोचते, या प्रश्नाचा अभ्यास गणित व भौतिकशास्त्रात गतिकी प्रणाली या नावाने केला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॉइनकारे यांनी ग्रहगतीच्या संदर्भात या विचारास नवी दिशा दिली. कापरेकरांची क्रिया ही या प्रकारची अत्यंत साधी, सान्त प्रणाली होय. तीत ६१७४ हा स्थिर बिंदू आहे. अनेक संख्यांचे उत्तर एकच येत असल्यामुळे मूळ संख्या कोणती होती याची स्मृती पुसली जाते. अंकांची संख्या बदलली की प्रणालीचे वर्तनही बदलते. तीन अंकांसाठी ४९५ हा स्थिरांक मिळतो. दोन अंकांसाठी स्थिरांक न मिळता ९, ८१, ६३, २७, ४५ असे चक्र मिळते. पाच अंकांसाठी तीन वेगवेगळी चक्रे आढळतात.

हे विवेचन ध्यानात घेतल्यास ६१७४ भोवतीचे गूढवलय नाहीसे होते. मराठीत 'अंकशास्त्र' हा शब्द गणिताची शाखा आणि अंकांवरून भविष्य वर्तविण्याची पद्धत या दोन्ही अर्थांनी वापरला जातो. त्यामुळे येथे गोंधळ होण्याची शक्यता अधिक असते. वास्तविक ६१७४ चे महत्त्व दशमान लेखनापुरते आहे. पाच हा पाया धरून संख्या लिहिल्यास त्या लेखनातील ३०३२ ही संख्या अशीच स्वतःकडे परत येते.

६. हार्डी यांचा आक्षेप

कापरेकरांच्या उपेक्षेचे कारण केवळ संस्थात्मक अनास्थेत शोधणे पुरेसे नाही. त्यामागे विचारांची एक भूमिकाही होती. रामानुजन यांना केंब्रिज येथे बोलावणारे जी. एच. हार्डी यांनी १९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी' या पुस्तकात ती स्पष्टपणे मांडली. ८७१२ आणि ९८०१ या दोनच चार अंकी संख्या आपल्या उलट लिहिलेल्या रूपाच्या पूर्ण पटीत आहेत (४ × २१७८ = ८७१२, ९ × १०८९ = ९८०१), हे उदाहरण देऊन अशी तथ्ये वृत्तपत्रातील कोड्यांच्या सदरास योग्य असली तरी गणितज्ञास त्यांत रस वाटू नये, असे त्यांचे प्रतिपादन होते. ही तथ्ये एकेकटी असतात, त्यांचे व्यापक सामान्यीकरण होत नाही व त्यांच्या सिद्धतेतून नवे काही हाती लागत नाही, असा त्या आक्षेपाचा गाभा होता.

गुंजीकर व कापरेकर यांच्या लेखानंतर अवघ्या एका वर्षात हे पुस्तक आले. हार्डी यांना कापरेकरांचे कार्य ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तथापि भारतीय गणितज्ञांची जी पिढी पुढे आली, तिच्यावर ब्रिटिश परंपरेचा व हार्डी यांच्या अभिरुचीचा प्रभाव होता. त्या अभिरुचीच्या निकषावर कापरेकरांचे कार्य टिकणारे नव्हते.

हा आक्षेप पूर्णतः निराधार होता, असेही म्हणता येत नाही. कापरेकरांच्या लेखनात निरीक्षणे विपुल असली तरी परिपूर्ण सिद्धता त्या मानाने कमी आढळतात. बरेचसे गुणधर्म दहा या पायावर अवलंबून आहेत. त्यामुळे प्रश्न असा उरतो की, या निरीक्षणांचे सामान्यीकरण खरोखर अशक्य होते काय? पुढील पन्नास वर्षांच्या संशोधनाने या प्रश्नाचे उत्तर दिले आहे.

७. कापरेकर संख्या, हर्षद संख्या व स्वयंभू संख्या

(अ) कापरेकर संख्या : ४५ चा वर्ग २०२५ आणि २० + २५ = ४५. तसेच ५५ चा वर्ग ३०२५ आणि ३० + २५ = ५५. तीन अंकांत २९७ चा वर्ग ८८२०९ असून ८८ + २०९ = २९७ होते, तर ७०३ चा वर्ग ४९४२०९ असून ४९४ + २०९ = ७०३ होते. हार्डी यांनी रसहीन ठरविलेली ९८०१ ही संख्या ९९ चा वर्ग असून ९८ + ०१ = ९९ होत असल्यामुळे तीही याच प्रकारात येते, हा योगायोग मोठा मार्मिक आहे.

वरवर पाहता ही विखुरलेली तथ्ये वाटतात. परंतु दोन अंकी संख्येच्या वर्गाचे दोन भाग केल्यास वर्ग म्हणजे डावा भाग × १०० + उजवा भाग. मूळ संख्या म्हणजे दोन्ही भागांची बेरीज. वर्गातून मूळ संख्या वजा केल्यास डावा भाग × ९९ उरतो. म्हणून मूळ संख्या व तिच्या लगतची लहान संख्या यांच्या गुणाकारास ९९ ने भाग जातो. लगतच्या दोन संख्यांना एकाहून मोठा सामाईक विभाजक नसतो. त्यामुळे ९९ चे ९ व ११ हे घटक वाटले जातात : ४५ ला ९ ने व ४४ ला ११ ने भाग जातो, ५५ ला ११ ने व ५४ ला ९ ने भाग जातो. ९९९ चे घटक २७ व ३७. त्यानुसार २९७ ला २७ ने व २९६ ला ३७ ने भाग जातो, तर ७०३ ला ३७ ने व ७०२ ला २७ ने भाग जातो. ४५ व ५५ यांची बेरीज १०० आणि २९७ व ७०३ यांची बेरीज १००० का होते, हेही यातून उलगडते. २००० मध्ये डग्लस इयानुची यांनी कापरेकर संख्यांचा ९, ९९, ९९९ अशा संख्यांच्या विशिष्ट विभाजकांशी असलेला हा संबंध पूर्णपणे सिद्ध केला. विखुरलेली वाटणारी तथ्ये अशा रीतीने एका सूत्रात आली.

(आ) हर्षद संख्या : ज्या संख्येस तिच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो तिला कापरेकरांनी 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी, असे नाव दिले. हार्डी–रामानुजन यांच्या संदर्भात प्रसिद्ध असलेली १७२९ ही संख्या हर्षद आहे. तिच्या अंकांची बेरीज १९ असून १९ × ९१ = १७२९. पाश्चात्त्य वाङ्मयात इव्हान निव्हेन यांच्या १९७७ मधील निबंधानंतर याच संख्या 'निव्हेन संख्या' म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. १९९३ मध्ये कूपर व केनेडी यांनी सलग २१ संख्या हर्षद असू शकत नाहीत, मात्र सलग २० हर्षद संख्यांचे गट अनंत आहेत, असे सिद्ध केले. १९९४ मध्ये ग्रंडमन यांनी हीच मर्यादा कोणत्याही पायासाठी मांडली. पायाच्या दुपटीहून अधिक सलग संख्या हर्षद असू शकत नाहीत. हार्डी यांना अभिप्रेत असलेले सामान्यीकरण ते हेच. २००३ मध्ये द कोनिंक, डॉयन व काताई यांनी एखाद्या मोठ्या मर्यादेपर्यंत हर्षद संख्या अंदाजे किती असतात, याचे सूत्र दिले. त्यातील लॉगरिदमचे स्वरूप मूळ संख्यांच्या वितरणाच्या प्रसिद्ध सूत्राची आठवण करून देणारे आहे.

(इ) स्वयंभू संख्या : एखाद्या संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळविल्यास नवी संख्या जन्मते. ४७ मध्ये ४ व ७ मिळविल्यास ५८ येते; म्हणजे ४७ ही ५८ ची जनक. ज्या संख्येस अशी जनक संख्या नसते तिला स्वयंभू म्हणता येईल. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२ या आरंभीच्या स्वयंभू संख्या होत. कापरेकरांनी १९६३ मध्ये या विषयावर पुस्तिका प्रसिद्ध केली. या संख्यांना 'देवळाली संख्या' असेही म्हटले जाते. १९८२ मध्ये इटालियन गणितज्ञ उंबेर्तो झान्निएर यांनी त्यांच्या वितरणाचा सैद्धांतिक अभ्यास केला. संख्या कितीही मोठ्या घेतल्या तरी त्यांत स्वयंभू संख्यांचे प्रमाण शून्याकडे न जाता एका निश्चित धन मूल्याजवळ राहते. हर्षद संख्यांचे प्रमाण मात्र शून्याकडे जाते. एकाच गृहस्थाने वहीत टिपलेल्या दोन प्रकारांचे वर्तन इतके भिन्न असावे, हे केवळ आकडेमोडीने कळण्यासारखे नव्हते.

८. अंकविषयक प्रश्नांचा मुख्य प्रवाहात प्रवेश

मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातील आपल्या सदरात कापरेकरांच्या कार्याची ओळख करून दिली व ते नाव जगभर पोहोचले. गार्डनर यांच्या सदराचा विषयही रंजक गणित हाच होता. तथापि यानंतर लवकरच, १९७८ मध्ये, हेल्मुट हासे व गॉर्डन प्रिचेट यांचा सर्व चार अंकी कापरेकर स्थिरांकांवरील निबंध जर्मनीतील 'क्रेले' यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १८२६ पासूनच्या प्रतिष्ठित शोधपत्रिकेत प्रसिद्ध झाला. हासे हे विसाव्या शतकातील अग्रगण्य बीजगणिती संख्यासिद्धांतज्ञ होते. १९८१ मध्ये प्रिचेट, लडिंग्टन व लापेंटा यांनी दशमान पद्धतीतील कापरेकर स्थिरांकांचा प्रश्न निकालात काढला. असे स्थिरांक ४९५ व ६१७४ हे दोनच आहेत.

याहून महत्त्वाची घडामोड अलीकडची आहे. मूळ संख्यांच्या अंकांची बेरीज सम असण्याचे व विषम असण्याचे प्रमाण सारखे असते काय, अशा स्वरूपाचा प्रश्न रशियन गणितज्ञ गेलफाँद यांनी १९६८ मध्ये मांडला होता. मोदुई व रिव्हा या फ्रेंच गणितज्ञांनी तो सोडविला व २०१० मध्ये 'अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स' या शोधपत्रिकेत प्रसिद्ध केला. दीर्घ पल्ल्यावर दोन्ही प्रमाणे सारखी होतात. २०१९ मध्ये जेम्स मेनार्ड यांनी आणखी एक निष्कर्ष सिद्ध केला. शून्य ते नऊ यांपैकी कोणताही एक अंक वगळला तरी तो अंक ज्यांत मुळीच येत नाही अशा मूळ संख्या अनंत असतात. मेनार्ड यांना २०२२ मध्ये फील्ड्स पदक मिळाले.

या संशोधकांनी कापरेकरांपासून प्रेरणा घेतली, असा दावा येथे करावयाचा नाही. त्यांची परंपरा वेगळी आहे व साधनेही वेगळी आहेत. मुद्दा एवढाच की, संख्येचे अंक आणि तिचे गुणाकारविषयक गुणधर्म यांचा संबंध हा विषय, जो एकेकाळी कोड्यांच्या सदरात टाकला गेला होता, तो आज संख्यासिद्धांतातील कठीण व प्रतिष्ठित प्रश्नांपैकी एक मानला जातो.

९. मूल्यमापन

कापरेकरांचे स्थान ठरविताना दोन टोकांच्या भूमिका टाळणे इष्ट ठरेल. पहिली भूमिका त्यांना दुसरे रामानुजन ठरविण्याची. ही तुलना न्याय्य नाही. रामानुजन यांचे कार्य विश्लेषण, विभाजने, मॉड्युलर फलने अशा गणिताच्या मध्यवर्ती क्षेत्रांत होते आणि त्यांना हार्डी यांच्यासारखा सहकारी लाभला. दुसरी भूमिका कापरेकरांना केवळ हौशी कोडेकार मानण्याची. वर दाखविल्याप्रमाणे त्यांच्या किमान चार निरीक्षणांनी पुढे स्वतंत्र सैद्धांतिक संशोधनास विषय पुरविला. कोडेकाराला असे प्रश्न सातत्याने सुचत नाहीत.

वनस्पतींचे नमुने गोळा करून त्यांना नावे देणारा निसर्गाभ्यासक ज्या अर्थाने शास्त्रज्ञ असतो, त्या अर्थाने कापरेकर संख्यांचे निरीक्षक होते. त्यांनी नमुने गोळा केले, वर्गीकरण केले आणि नावे दिली. डेमलो, हर्षद, स्वयंभू ही वर्गवारी टिकली याचे कारण तिच्यामागे खरी रचना होती. ती रचना उलगडण्याची साधने त्यांच्याजवळ नव्हती. हार्डी यांच्या आक्षेपातील निकष योग्य होता. परंतु एखादे तथ्य सामान्यीकरणास पात्र आहे की नाही, याचा निर्णय ते तथ्य सापडल्याच्या क्षणी देता येत नाही. तो निर्णय काळावर सोपवावा लागतो.

येथे महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने एक गंभीर बाब संभवते. १९३९ मधील संयुक्त लेख आणि त्यानंतरच्या स्वखर्चाने छापलेल्या पुस्तिका यांतील फरक हा सहकार्य व एकाकीपणा यांतील फरक आहे. देवळालीच्या शिक्षकाला एखाद्या महाविद्यालयाच्या गणित विभागाने नियमित चर्चेस बोलाविले असते, तर त्यांची काही निरीक्षणे सिद्धतेसह आणि कित्येक वर्षे आधी प्रसिद्ध झाली असती, असे अनुमान करण्यास जागा आहे. ४५ व ५५ यांची वर दिलेली उपपत्ती पदवी वर्गाच्या गणितापलीकडची नाही. ती शोधण्यासाठी २००० सालापर्यंत थांबण्याचे गणिती कारण नव्हते. कारण होते ते सामाजिक. दरम्यान निवृत्तीनंतर तुटपुंज्या निवृत्तिवेतनामुळे कापरेकरांना खासगी शिकवण्या कराव्या लागल्या. १९८६ मध्ये देवळाली येथे त्यांचे निधन झाले.

१०. निष्कर्ष

प्रस्तुत अभ्यासातून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) कापरेकर यांची जडणघडण डहाणू, ठाणे व पुणे येथील शिक्षणातून झाली आणि त्यांच्या पहिल्या महत्त्वाच्या शोधाचे नाव डोंबिवली स्थानकाशी निगडित आहे. ठाणे परिसराच्या शैक्षणिक इतिहासात या गोष्टीची नोंद होणे आवश्यक आहे.

(२) ६१७४ सारख्या निरीक्षणांत गूढ असे काही नाही. त्यांची रचना शालेय अंकगणिताच्या साहाय्याने समजावून देता येते. त्यांची मांडणी चमत्कार म्हणून न करता कारणमीमांसेसह होणे अध्यापनाच्या दृष्टीने अधिक उपयुक्त ठरेल.

(३) १९७८ ते २००३ या काळातील संशोधनाने कापरेकरांच्या निरीक्षणांचे सामान्यीकरण शक्य असल्याचे दाखविले. निरीक्षणाचे श्रेय कापरेकरांचे व सिद्धतेचे श्रेय नंतरच्या गणितज्ञांचे, अशी स्पष्ट विभागणी करणेच न्याय्य होय.

(४) रंजक व मूलभूत गणित यांतील सीमारेषा कायमची आखलेली नसते. साधने विकसित झाली की ती सरकते.

(५) कापरेकरांना उणीव भासली ती प्रतिभेची नव्हे, तर चर्चा करणाऱ्या विद्वत्समूहाची. विद्यापीठांपासून दूर असलेल्या गावांतील शिक्षक व अभ्यासक आजही याच स्थितीत आहेत. त्यांच्या वह्या पाहणे आणि त्यांतील निरीक्षणांना सिद्धतेची जोड देणे हे काम कोणत्याही मोठ्या निधीविना महाविद्यालयांच्या विभागांना करता येण्यासारखे आहे. कापरेकरांच्या बाबतीत ते १९३९ मध्ये एकदा घडले होते; ते पुन्हा पुन्हा घडत राहणे हीच त्यांच्या कार्याची उचित दखल ठरेल.